दवाखान्याच्या दारापर्यंतची वाट

आज आपण अमेरिकेतल्या बायकांच्या एका लढ्याची माहिती घेऊ या. तिथे १९७३ साली सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क मान्य केला. आपल्याकडचा कायदा त्याच्याही दोन वर्षं आधीचा, १९७१चा.

हक्क मिळाला, पण वाट अडली. गर्भपाताला पाप मानणारे लोक जथ्याने येऊन दवाखान्यांच्या दारात ठाण मांडू लागले. १९९१च्या उन्हाळ्यात कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात हे सहा आठवडे चाललं. पोलिसांनी अडीच हजारांवर अटका केल्या.

मग दवाखान्यांनी १८७१चा एक जुना कायदा शोधून काढला. गुलामगिरी संपल्यावर कू क्लक्स क्लान ही गोऱ्यांची टोळी कृष्णवर्णीयांना मारहाण करी, मतदान करू देत नसे. टोळ्या करून कुणाचे हक्क हिरावू नयेत म्हणून तो कायदा झाला होता. बायकांची वाट अडवणं हाही तसाच कट, असं दवाखान्यांचं म्हणणं. विचिटाच्या न्यायाधीशांनी ते मानलं आणि दारं मोकळी करण्याचा हुकूम दिला. पण जानेवारी १९९३मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, गर्भपाताला विरोध म्हणजे स्त्रीजातीचा द्वेष नव्हे. हा कायदा इथे लागू होत नाही.

दोनच महिन्यांनी फ्लोरिडात डॉ. डेव्हिड गन यांना दवाखान्याबाहेर गोळ्या घालून मारलं. देश हादरला. मे १९९४मध्ये नवा कायदा आला. बळाने, धमकीने किंवा आडवं बसून दवाखान्याची वाट अडवणं गुन्हा ठरलं. रस्त्याकडेला फलक धरायला, प्रार्थना करायला मात्र मोकळीक राहिली. प्रार्थनास्थळांनाही त्याच कायद्याने संरक्षण दिलं.

२०२२मध्ये सुप्रीम कोर्टाने १९७३चा निकालच रद्द केला. आता तिथे राज्यागणिक नियम वेगळे. वाट मोकळी ठेवणारा कायदा आहे, पण कित्येक राज्यांत दवाखान्याचं दारच बंद झालंय.

आपल्या दारात जमाव नसतो. पण एसटी नसते, हातात पैसा नसतो, कुठे नवऱ्याची सही मागतात. आपल्या कायद्याने सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. पुढच्या बैठकीत हे सगळ्यांना सांगा, आणि आपली वाट कुठे अडते, तेही मोकळेपणाने बोला.