नवसाचे दगड

पोर्तुगाल हा शब्द वसईच्या माणसाने उच्चारला की त्यात थोडा घरगुतीपणा असतो आणि थोडे अवघडलेपणही. आडनावे त्यांची, पाव त्यांचा, दाराची चावी आणि न्हाणीतला साबण हे शब्दही त्यांचेच. पण ते राज्य मात्र आपले कधीच नव्हते. तटाच्या आत फिदाल्गोंचे वाडे होते आणि आपले पूर्वज तटाबाहेर केळी आणि पानवेली लावीत होते. लिस्बनहून एका दिवसाच्या फेरीसाठी निघताना हे आमच्या मनात होतेच. आम्ही आठ जण, एक लहान गाडी आणि एक मध्यमवयीन मार्गदर्शक, एवढाच लवाजमा. पन्नास जणांच्या बसमध्ये प्रवासी घड्याळ पाहत असतात; आठ जणांच्या गाडीत प्रश्न विचारता येतात, आणि मार्गदर्शकाला उत्तरे देणे भाग पडते. ओबिदुश, नाझारे, अल्कोबासा आणि बाताल्या ही चार गावे आम्हांला पाहायची होती. फातिमा तेथून जवळच. पण तिचे दर्शन आम्ही आदल्या दिवशी घेतले होते, आणि तिच्याविषयी आपल्या वाचकांना नव्याने काही सांगावे असे नाही.

लिस्बनच्या उत्तरेस सुमारे ऐंशी किलोमीटरवर ओबिदुश आहे. टेकडीच्या पाठीवर तटबंदी, तटबंदीच्या आत पांढऱ्या भिंतींची घरे, आणि त्या भिंतींना पिवळा नाहीतर निळा पट्टा. इ. स. ११४८ मध्ये पहिला पोर्तुगीज राजा अफोन्सो हेन्रिकेस याच्या काळात हे गाव मुरांकडून जिंकून घेण्यात आले. पुढे राजा दिनिस याने इ. स. १२८२ मध्ये आरागॉनच्या राजकन्येशी, इसाबेलशी विवाह केला आणि हे गाव तिला आंदण दिले. तेव्हापासून कित्येक शतके ओबिदुश राण्यांच्या मालकीचे राहिले.

ही इसाबेल म्हणजेच आपल्या दिनदर्शिकेतील पोर्तुगालची संत एलिझाबेथ. झग्यात लपवलेल्या भाकरींची फुले झाल्याची तिची कथा अनेकांना ठाऊक असेल. आम्हांला तिची दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. तिचा पती दिनिस आणि पुत्र अफोन्सो यांचे वितुष्ट इतके विकोपाला गेले की इ. स. १३२३ मध्ये बापलेकांची सैन्ये समोरासमोर उभी ठाकली. परंपरा सांगते की राणी खेचरावर बसून दोन्ही फौजांच्या मधून चालत गेली आणि लढाई टळली. वैधव्यात ती कोइंब्रा येथे क्लारा भगिनींच्या मठाजवळ राहत होती. इ. स. १३३६ मध्ये आपला पुत्र आणि कॅस्टिलचा राजा यांच्यात समेट घडवण्यासाठी ती उन्हाळ्यात पुन्हा बाहेर पडली आणि त्याच प्रवासात एस्त्रेमोस येथे मरण पावली. त्या दिवशीच्या चारही गावांत ज्या घराण्याची माणसे आम्हांला भेटणार होती, त्याची ही पणजी. तिचा हा पुत्र अफोन्सो वाचकांनी लक्षात ठेवावा.

तटावरून गावाला जवळजवळ पूर्ण फेरी घालता येते. आतल्या बाजूस कठडा नाही, तेव्हा ज्यांना भोवळ येते त्यांनी हा मोह टाळलेला बरा. खाली दर दुसऱ्या दारात चॉकलेटच्या इवल्याशा पेल्यातून चेरीची दारू विकतात. या बाजारूपणाचा आम्हांला थोडा वीट आला, हे लपवीत नाही. पण किल्ल्याशेजारच्या संत याकोबाच्या जुन्या चर्चमध्ये पाऊल टाकले आणि वीट नाहीसा झाला. उपासना बंद झालेल्या त्या वास्तूत आज पुस्तकांचे दुकान आहे. जेथे वेदी असते त्या दिशेपर्यंत फळ्यांवर पुस्तकेच पुस्तके. इ. स. २०१५ मध्ये युनेस्कोने या चिमुकल्या गावाला साहित्यनगरी म्हणून मान्यता दिली. वसईच्या किल्ल्यातील देवळांवर छप्पर नाही, फ्रान्सिस्कनांच्या देवळातील कबरींच्या कोरीव शिळांवर पावसाळ्यात शेवाळ धरते. आपल्याकडे पुस्तके ठेवायला छप्पर तरी हवे, असे आमच्यातील एक जण पुटपुटला.

तेथून अर्ध्या-पाऊण तासात समुद्र दिसतो. नाझारे हे कोळ्यांचे गाव. वाळूत लाकडी चौकटींवर जाळी ताणून, पोट चिरून उघडलेले मासे उन्हात वाळत घातलेले. पाचूबंदरला किंवा अर्नाळ्याला हा वास ज्याने घेतला आहे त्याला येथे परके वाटणार नाही. म्हाताऱ्या कोळणी एकावर एक सात परकर नेसतात अशी ख्याती आहे. सात का, याची उत्तरे ज्याला विचारावे तितकी. गोदी बांधली गेली ती विसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकात. तोवर होड्या थेट लाटांतून वाळूवर घ्यावयाच्या, त्या ओढायला बैल जुंपायचे, आणि किनाऱ्यावर बायका उभ्या राहून आपला माणूस परततो की नाही ते पाहायच्या. गावासमोर समुद्राच्या तळाशी एक प्रचंड घळ आहे. तिच्यामुळे हिवाळ्यात उत्तरेच्या किनाऱ्यावर अजस्र लाटा उसळतात. इ. स. २०२० मध्ये सव्वीस मीटरहून उंच लाटेवर एका जर्मन वीराने फळी चालवली आणि त्याची नोंद विक्रम म्हणून झाली. जगभरचे लोक ती मौज पाहायला येतात. जुन्या कोळणींना या लाटांचे कौतुक वाटत असेल असे आम्हांला वाटत नाही.

वर, शंभर मीटरहून उंच कड्यावर, एक इवलीशी चौकोनी घुमटी आहे. कथा अशी : १४ सप्टेंबर ११८२ रोजी सकाळच्या धुक्यात दों फुआस रूपिन्यो हा सरदार हरणाचा पाठलाग करीत होता. हरीण कड्यावरून नाहीसे झाले. घोडा त्याच्यामागे झेपावणार तोच सरदाराला आठवले की याच कड्यातील गुहेत नाझरेथहून आलेली पवित्र मारियेची मूर्ती आहे. त्याने तिचा धावा केला आणि घोडा मागल्या पायांवर थबकला. कृतज्ञतेपोटी सरदाराने ही घुमटी उभारली. घोड्याच्या टापेची खूणही दाखवतात. इतिहासाच्या दृष्टीने पाहता ही कथा सर्वदूर पोहोचली ती चार शतकांनंतर, अल्कोबासाच्या मठातील बेर्नार्दो द ब्रितो या इतिहासकाराने ती सतराव्या शतकाच्या आरंभी आपल्या ग्रंथात घातली तेव्हा. मठवासी इतिहासकारांना अशा कथांचे प्रेम असे. पण कोळ्यांचे तिच्यावाचून भागत नव्हते, हेही तितकेच खरे. दर्यावर्दी जेथे गेले तेथे ही नाझारेची माता त्यांच्याबरोबर गेली. आपल्या भाईंदरच्या देवळाचे नाव आठवून पाहावे.

अल्कोबासा हे सिस्टर्सियन संन्याशांचे ठाणे. इ. स. ११४७ मध्ये सांतारेमवर चाल करताना अफोन्सो हेन्रिकेसने संत बर्नार्डला नवस केला होता, विजय मिळाला तर मठ बांधीन, आणि इ. स. ११५३ मध्ये मठाची स्थापना झाली, असे सांगतात. देवळाचा अंतर्भाग शंभर मीटरहून लांब, अरुंद, उंच आणि जवळजवळ रिकामा आहे. सोने नाही, मूर्तींची गर्दी नाही. आपल्याकडील नटलेल्या वेद्यांची सवय असलेल्या डोळ्यांना तो रितेपणा प्रथम खटकतो आणि मग सोडवत नाही.

त्या रितेपणात दोन थडगी आहेत. ओबिदुशच्या राणीचा पुत्र लक्षात ठेवावा असे आम्ही म्हटले होते, तो हा चौथा अफोन्सो, राजा झालेला. त्याचा युवराज पेद्रो हा इनेश द कास्त्रो या सरदारकन्येवर अनुरक्त होता. तिच्या भावांचे दरबारातील वजन वाढेल या भयाने राजाने ७ जानेवारी १३५५ रोजी कोइंब्रा येथे तिचा वध करविला. आई दोन सैन्यांच्या मधून चालत गेली, आणि तिच्या मुलाने मुलांच्या आईला मारविले. दोन वर्षांनी पेद्रो गादीवर आला. त्याने मारेकऱ्यांपैकी दोघांना हाल करून मारले आणि इनेशला राणीचा मान देऊन येथे आणले. दोघांची थडगी पायाला पाय करून ठेवली आहेत. अंतिम दिनी उठून बसताच पहिली नजर एकमेकांवर पडावी, असा त्याचा अर्थ लावतात. इ. स. १८१० च्या सुमारास फ्रेंच सैनिकांनी संपत्तीच्या आशेने ती फोडली. भगदाडे अजून दिसतात.

याच पेद्रोला दुसऱ्या एका स्त्रीपासून झालेला पुत्र जुआंव. इ. स. १३८३ मध्ये राजवंशात थेट पुरुष वारस उरला नाही आणि कॅस्टिलच्या राजाने पत्नीच्या नावाने पोर्तुगालवर हक्क सांगितला. लोकांनी जुआंवला राजा निवडले. १४ ऑगस्ट १३८५ रोजी, पवित्र मारियेच्या स्वर्गउन्नयनाच्या सणाच्या पूर्वदिनी, अल्जुबारोटाच्या माळावर गाठ पडली. कॅस्टिलचे सैन्य कैक पटींनी मोठे होते. जुआंवने मारियेला नवस केला. नुनो अल्वारेस परेरा या तरुण सेनापतीने अडचणीची जागा निवडून खंदक खणवले, इंग्लिश तिरंदाज मदतीला होते, आणि सूर्यास्ताच्या सुमारास लढाईचा निकाल लागला. नवस फेडण्यासाठी बांधलेल्या मठाचे नाव विजयाची पवित्र मारिया. गावाचे नाव तर नुसतेच बाताल्या, म्हणजे लढाई. बांधकाम शंभर वर्षांहून अधिक चालले.

मार्गदर्शकाने रंगून आणखी एक कथा सांगितली. पळून आलेले सात कॅस्टिली सैनिक एका भटारणीच्या भट्टीत लपले होते. तिने भट्टीतील लांब दांड्याच्या फावड्याने सातही जणांना ठार केले. तो हसला, आम्हीही हसलो. मग आमच्यातील एका भगिनीने विचारले, "त्या सात जणांनी कोणाचा धावा केला असेल?" गाडीत काही वेळ कोणी बोलले नाही. प्रश्न रास्तच होता. समोरचे शत्रू मूर नव्हते. तेही उद्याच्या सणासाठी त्याच मारियेला विनवीत होते. त्या काळात ख्रिस्तसभेत दोन पोप होते. पोर्तुगाल रोमच्या पोपच्या बाजूस, कॅस्टिल आव्हिन्योंच्या. प्रत्येकाला दुसरा धर्मभ्रष्ट वाटत होता. नवस कोणाचा पोहोचला हे इतिहास सांगतो असे आपण समजतो. इतिहास एवढेच सांगतो की जिंकणाऱ्याने देऊळ बांधले.

बाताल्याच्या मधासारख्या पिवळसर दगडात जुआंव आणि त्याची इंग्लिश राणी फिलिपा हातात हात घेऊन चिरनिद्रा घेत आहेत. भिंतीलगत त्यांचे पुत्र आहेत. एक हेन्री, ज्याने जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेला धाडली. पुढे त्याच वाटेने पोर्तुगीज आपल्या दारी आले. दुसरा फेर्नान्दो. इ. स. १४३७ मध्ये हेन्रीने टॅन्जियरवर चढाई केली आणि तो कोंडीत सापडला. सैन्याची सुटका करून घेण्यासाठी सेउता हे ठाणे परत देण्याचे कबूल करून त्याने धाकट्या भावाला ओलीस ठेवले. सेउता काही परत दिले नाही. फेर्नान्दो इ. स. १४४३ मध्ये फेझच्या बंदिवासात मरण पावला. हेन्रीच्या नावाने चौकाचौकांत पुतळे आहेत. येथे दोघे भाऊ एकाच भिंतीशी आहेत. आम्ही धाकट्यापाशी अधिक वेळ थांबलो.

मठाच्या सभागृहात इ. स. १९२१ पासून पहिल्या महायुद्धातील दोन अज्ञात सैनिक पुरलेले आहेत, एक फ्लँडर्सचा आणि एक आफ्रिकेतला. त्यांच्या मस्तकाशी क्रूसावरील ख्रिस्ताची मूर्ती आहे. ती फ्रान्समधील रणभूमीवर होती, तोफांनी तिचे पाय आणि एक हात उडवला. इ. स. १९५८ मध्ये फ्रान्सने ती पोर्तुगालला दिली. तिची दुरुस्ती कोणी केली नाही, हे उत्तम झाले.

येथे आम्हांला वज्रेश्वरी आठवली. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पाने त्या देवीला नवस केला होता, अशी परंपरा आहे. इ. स. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली आणि देवीचे तटबंद मंदिर उभे राहिले. आपल्या देवळांच्या घंटा हत्तीवरून गेल्या, आणि मेणवलीच्या घाटावर बाळ येशूसह मारियेची आकृती असलेली घंटा आजही टांगलेली आहे. लहानपणापासून आम्ही या घटनेकडे कधी पराभव म्हणून, कधी एका परकीय सत्तेचा शेवट म्हणून, आणि बहुतेक वेळा गप्प राहून पाहत आलो. शाळेच्या पुस्तकात विजय साजरा व्हायचा आणि वर्गातील आमच्या बाकांकडे कोणीतरी वळून पाहायचे. बाताल्याच्या दारात उभे राहिल्यावर दोन गोष्टी शेजारी ठेवता आल्या. कॅस्टिलच्या गावातून एखादे कुटुंब येथे येत असेल, तेही मारियेचे भक्त, आणि त्यांनाही या देवळात गुडघे टेकताना क्षणभर तसेच होत असेल. आम्ही बाताल्यात मनमोकळी प्रार्थना केली. मग वज्रेश्वरीच्या पायऱ्या पाहून आम्ही मान का वळवावी, याचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळ नव्हते, आणि परतीच्या वाटेवर याच विषयावर बरीच गरमागरमी झाली. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले की कृतज्ञता समजू शकते, पण ज्यांच्या घंटा गेल्या त्यांनी टाळ्या वाजवाव्यात ही अपेक्षा नसावी. तेही खरे.

लिस्बनकडे वळण्यापूर्वी गाडी प्रत्यक्ष रणभूमीवर, सांव जॉर्ज येथे थोडी थांबली. सेनापती नुनोने लढाईनंतर आठ वर्षांनी येथे एक लहानसे चर्च बांधले. पुढे त्याने आपली अफाट संपत्ती वाटून टाकली, इ. स. १४२३ मध्ये लिस्बनच्या कार्मेलाइट मठात साधा बंधू म्हणून प्रवेश केला आणि इ. स. १४३१ मध्ये तेथेच देह ठेवला. इ. स. २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्याला संतपद दिले. लढाईच्या दिवशी ऑगस्टच्या उन्हात सेनापतीला तहान लागली होती आणि पाणी मिळाले नव्हते, असे सांगतात. त्या आठवणीसाठी चर्चच्या भिंतीतील कोनाड्यात वाटसरूंकरिता पाण्याचे मडके ठेवण्याची प्रथा आहे. कोण कोणत्या बाजूचा, हे तेथे विचारीत नाहीत. मडके भरलेले होते. आमच्यापैकी दोघे ते पाणी प्यायले.