हुक्का दिवाणखान्यात, मिश्री चुलीमागे

आठवीच्या वर्गात मी विचारलं, "तुमच्या घरी तंबाखू कोण वापरतं?" बरेच हात वर झाले: अब्बा, चाचा, दादा. मग विचारलं, "आणि मिश्री कोण लावतं?" पुन्हा तेवढेच हात. या वेळी अम्मी, नानी, दादी. एक मुलगी म्हणाली, "पण सर, ते तर दात घासणं झालं!"

हा फरक आला कुठून?

पोर्तुगीजांनी आणलेली तंबाखू आधी दख्खनमध्ये रुळली. १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतला, तेव्हा त्याने तंबाखू आणि रत्नजडित नळी बादशहाला नजर केली. हकिमाचा विरोध असूनही अकबराने दोन-चार झुरके घेतलेच. जहांगिराने १६१७ मध्ये बंदी घातली, पण ती टिकली नाही. पुढच्या काळातल्या मुघल आणि दख्खनी चित्रांत बेगमाही निवांत हुक्का ओढताना दिसतात. म्हणजे धूर ही काही पुरुषांचीच मिरास नव्हती.

मिझो समाजात तर स्त्रिया छोट्या हुक्क्यातून धूर ओढत. त्याच्या तळाशी साचलेलं तंबाखूचं पाणी, 'तुइबुर', पाहुण्याला देणं हा पाहुणचार होता. याउलट खालसा पंथात तंबाखू स्त्री-पुरुष दोघांनाही वर्ज्य. पान तेच, पण कुणी ओढायचं आणि कुणी नाही, हे प्रत्येक समाजाने आपापलं ठरवलं.

आपल्याकडे सामान्य घरांत बिडी पुरुषाच्या ओठांत गेली आणि बाईच्या वाट्याला तव्यावर भाजून कुटलेली मिश्री आली. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतात १९ टक्के पुरुष धूम्रपान करतात, स्त्रिया फक्त २ टक्के. हा आकडा वाचून बरं वाटतं. पण त्याच सर्वेक्षणात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया १२.८ टक्के आहेत. व्यसन संपलं नव्हतं, त्याचा फक्त धूर दिसत नव्हता.

माझ्या नानीच्या गालात आतून जखम झाली. डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू खातात का?" आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "तौबा! आमच्या घरातल्या बायका तंबाखूला हातही लावत नाहीत."

आम्ही खोटं बोलत नव्हतो. मिश्रीला तंबाखू म्हणायचं असतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

म्हणून आता मी वर्गात दोन्ही प्रश्न विचारतो.