हर्णेच्या किनाऱ्यावरील शेतीची शाळा

रत्नागिरी जिल्ह्यांतील दापोली तालुक्यांत, हर्णे बंदरासमोर पाण्यांत उभा असलेला सुवर्णदुर्ग इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. आंग्र्यांच्या आरमाराचा हा मोठा आधार. आणि १७५५ मध्यें पेशव्यांच्या साह्यानें कमोडोर जेम्सनें तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, हेंही सर्वश्रुत आहे. परंतु किल्ल्यांचा इतिहास लिहिला जातो, आणि ज्या खाचरांतील भातावर तेथील गोलंदाज जगले त्या खाचरांचा बहुधा राहून जातो. या भूमीनें अन्न कसें पिकविलें, आणि तें पिकविण्याची विद्या पुढील पिढीस कोणीं शिकविली, हा प्रश्न मात्र किल्ल्याच्या इतिहासाहून कमी मोलाचा नाहीं.

येथील निसर्ग उदार तितकाच कठोर आहे. दापोलीकडे वर्षाकाठीं सुमारें साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतेक सारा चार महिन्यांत. जांभ्याच्या उतारावरून पाणी धांवत जातें आणि मातीचा कसही घेऊन जातें. सखल खाचरांत भात, उताराच्या वरकस जमिनींत नाचणी व वरी, समुद्राकांठीं माड-पोफळी आणि दर्यांत मासळी, अशी अन्नाची वांटणी येथील माणसानें पिढ्यान् पिढ्या करून ठेवली होती. ही विद्या पुस्तकांत नव्हती. बाप मुलास बांधावर आणि सासू सुनेस लावणीच्या चिखलांत ती देत असे.

या विद्येंतील सर्वांत वादाचा धडा म्हणजे राब. उन्हाळ्यांत झाडांचा टाळ, पाला, गवत व शेण दाढीच्या जागेवर पसरावयाचें, वर मातीचा पातळ थर द्यावयाचा आणि पाऊस येण्यापूर्वीं तें सारें भाजावयाचें. तणाचें बीं जळतें, राखेचें खत मिळतें आणि रोप जोमानें वर येतें. परंतु इंग्रजी अमलांतील वनखात्यास यांत जंगलाचा नाश तेवढा दिसला. निर्बंध आले, ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांत असंतोष पसरला, आणि १८८५ मध्यें मुंबई सरकारला चौकशीसाठीं आयोग नेमावा लागला. शेतकी खात्यानें लोणावळ्यास राबाचे प्रयोग केले. १८८९ मध्यें या देशांत आलेले रसायनशास्त्रज्ञ व्होल्कर यांनीं आपल्या १८९३ च्या अहवालांत राबाचा विचार केला. शिवाय उत्तम हिंदी शेतकरी हा सामान्य इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, असा निर्वाळाही त्यांनीं दिला.

खरें पाहतां दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य होतें. भाजलेल्या दाढीचें रोप सरस निघतें, हा शेतकऱ्याचा अनुभव खोटा नव्हता. आणि दरवर्षीं टाळ तोडला कीं डोंगर बोडका होतो, हेंही डोळ्यांआड करण्याजोगें नव्हतें. यंदाचें भात आणि पुढल्या पिढीचा डोंगर या दोहोंचा मेळ नुसत्या हुकुमानें बसत नाहीं. त्यास शिक्षण लागतें.

असें शिक्षण हवें, ही जाणीव महाराष्ट्रांत नवी नाहीं. महात्मा जोतीराव फुले यांनीं १८८२ मध्यें हंटर आयोगास दिलेल्या निवेदनांत प्राथमिक शाळेंत शेतीचें मूलभूत ज्ञान द्यावें आणि प्रत्यक्ष पाठासाठीं नमुन्याचें शेत ठेवावें, अशी मागणी केली होती. पुण्यांत १८७९ पासून शेतकीचें उच्च शिक्षण सुरू झालें होतें. परंतु तें इंग्रजींतून असल्यामुळें नांगर धरणाऱ्याच्या मुलास दूरच राहिलें. पुढें पुण्याजवळ लोणी येथें शेतकऱ्यांच्या मुलांकरितां मराठींतून शेतकीची शाळा निघाली. १९२६ मध्यें नेमलेल्या शाही कृषि आयोगानें आपल्या १९२८ च्या अहवालांत लोणीच्या धर्तीची तुलना पंजाबच्या धर्तीशीं केली. लोणींत शेती हा स्वतंत्र धंदा म्हणून शिकवीत. पंजाबांत ती सामान्य शाळेंतील एक विषय होती. आयोगानें पंजाबची बाजू घेतली. अन्न कसें निघतें हें पिकविणाऱ्यासच नव्हे, खाणाऱ्यासही कळावें, असा या निवडीचा अर्थ आज घेतां येतो.

हर्णेपासून चार-पांच कोसांवरील दापोलीस १९६५ मध्यें कृषि महाविद्यालय निघालें आणि १८ मे १९७२ रोजीं कोकणासाठीं स्वतंत्र कृषि विद्यापीठ स्थापन झालें. पदवीच्या अखेरच्या वर्षीं विद्यार्थ्यांनीं गांवांत शेतकऱ्यांबरोबर राहून काम करावें, अशी योजनाही पुढें अभ्यासक्रमांत आली. शिकविणारा शिकावयास जातो, हें तिचें खरें मोल आहे.

या देवघेवीचें सुंदर उदाहरण म्हणजे डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातलागवड. रोपवाटिकेंत भाताच्या तुसाची राख व शेतांत पेंढा, गिरिपुष्पाच्या पाल्याचें हिरवें खत, ठराविक अंतरावर मोजक्या रोपांची लावणी, आणि चार चुडांच्या मधोमध खतगोळीची खोचणी, अशीं हीं चार सूत्रें. राखेनें रोप बळावतें हें राबाचें मर्म येथें कायम राहिलें; मात्र राख तुसाची झाली आणि पाला बांधावरच्या गिरिपुष्पाचा झाला. जुन्या शेतकऱ्याचा अनुभव आणि वनरक्षकाची चिंता हीं दोन्हीं एकाच खाचरांत नांदूं शकतात, हें त्यांतून दिसलें.

दर्याचीही अशीच शिस्त आहे. पावसाळ्यांत होड्या ओढून ठेवावयाच्या आणि नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करून पुन्हां पाण्यांत लोटावयाच्या, ही कोळ्यांची जुनी रीत. बहुतेक मासळीस विणीचा अवसर मिळतो, तो याच दिवसांत. १९८१ च्या कायद्यानें महाराष्ट्रांतील समुद्री मासेमारीस नियम घातले, आणि आतां १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांस बंदी असते. जेथें पूर्वीं वारा व लाटाच थांबवीत, तेथें यंत्र आल्यावर कायद्यास थांबवावें लागलें.

मात्र शाळेचें काम संपलेलें नाहीं. १९९० मध्यें रोजगार हमीशीं जोडलेली फळबाग योजना आली आणि कोकणांतील कित्येक वरकस उतार आंबा-काजूनें भरले. हातीं पैसा आला, ही लहान गोष्ट नव्हे. पण नाचणी-वरी मागें सरली. मोहोर गळाला त्या वर्षीं अशा घरानें खावें काय, हा हिशेब मुलांस शिकविला गेला पाहिजे. हर्णेच्या बंदरावर मासळीचा लिलाव चालतो, तेथें भावाबरोबरच जाळ्याचें भोकही पाहावयास शिकविणें, आणि खाचराच्या बांधावर उताऱ्याबरोबरच मातीही मोजावयास शिकविणें, हेंच या शिक्षणाचें सार होय. सुवर्णदुर्गाचा तट दगडाचा असल्यानें टिकला. खाचराचा मातीचा बांध टिकावयाचा तर त्यास दरवर्षीं माणसाचा हात लागतो, आणि तो हात तयार करणें हें शाळेचें काम आहे.