आगोटीचा हिशेब

आजचा विषय तसा अगदी घरगुती आहे. तिन्ही त्रिकाळ घरातच रांधायचं, बाहेर एक वडापावसुद्धा नाही, आणि तरी वाणसामानाचा खर्च आटोक्यात ठेवायचा. हे जमवायचं कसं, याचे सल्ले आज ढिगाने मिळतात. पण त्या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट न बोलता धरून चाललेली असते, ती म्हणजे महिना. महिन्याची यादी, महिन्याचा किराणा, एक तारखेचा पगार.

शंभर वर्षांपूर्वीच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या बाईने असा महिन्याचा हिशेब धरला असता, तर तिचं घर श्रावणात उपाशी राहिलं असतं. तिचा हिशेब वर्षाचा होता. आणि त्या वर्षाची कसोटी मे महिन्याच्या शेवटी, आगोटीला लागायची.

आगोट म्हणजे पाऊस तोंडावर आल्याचे दिवस, मृगाच्या अलीकडचे. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा मंडणगडापासून पार वेंगुर्ल्यापर्यंत होता, सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. या अख्ख्या किनारपट्टीचा बाजार समुद्रातून यायचा. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग अशी बंदरं घेत आगबोट जायची. माणसं उतरायची, तसा मालही उतरायचा. मेअखेरीला दर्या खवळला की बोटी बंद, त्या सप्टेंबरपर्यंत. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. वहाळ भरले, साकव वाहून गेले की गावाचा शेजारच्या गावाशी संबंध तुटायचा. मुंबईहून निघालेल्याला कोल्हापूरपर्यंत रेल्वे आणि पुढे आंबा घाट उतरून यावं लागे. माणूस कसाबसा येईलही हो, पण तांदळाची गोणी कशी येणार?

म्हणजे बघा, चार महिने दुकान नाही असं समजून घर भरायचं. त्याचं नाव बेगमी.

आता हा हिशेब आपण जरा मांडूनच बघू. घरात पाच माणसं. दिवसाला दोन शेर तांदूळ धरा, सकाळची पेज आणि रात्रीचा भात मिळून. जूनपासून हळवं भात हाती येईपर्यंत चार महिने, म्हणजे १२० दिवस. झाले २४० शेर. चार शेरांची पायली, म्हणून ६० पायल्या तांदूळ. पण कणगीत तांदूळ नसतो, भात असतं, आणि कांडल्यावर ते मापाने साधारण निम्म्यावर येतं. म्हणजे आगोटीला कणगीत १२० पायल्या भात हवं. शिवाय बियाण्याचं वेगळं, आणि त्याला हात लावायचा नाही. बियाणं खाल्लं म्हणजे पुढचं वर्षच खाल्लं. ही सगळी गणितं लिहिता-वाचता न येणारी बाई पायली-अधोलीच्या मापांत करत होती आणि कणगीत हात घालून भात कुठवर उतरलंय यावरून ताळा बघत होती. शेणाने लिंपलेली कणगी एकदा उघडली की किती दिवसांनी दुसरी उघडायची, हे तिच्या डोक्यात पक्कं असायचं.

पण १२० पायल्या आगोटीला शिल्लक असणारी घरं होती किती? इथे खोतीकडे बघावं लागतं. जमीन कसायची कुळाने आणि वाटा न्यायचा खोताने. भातशेतीत अर्धेल, म्हणजे पिकाचा निम्मा हिस्सा. वरकस जमिनीवरच्या नाचणी-वरीत तिर्धेल, म्हणजे तिसरा हिस्सा. पीक खळ्यावर असतानाच घरातली अर्धी कणगी जायची. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. आपण खोतीचा इतिहास जमीन आणि चळवळ म्हणून वाचतो. माझ्या मते तो चुलीचाही इतिहास आहे. फेब्रुवारी-मार्चलाच तळ दिसायला लागलेल्या कणगीचा इतिहास.

मग उरलेलं घर कशावर चालायचं? मुंबईवर. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या साधारण दर पाच माणसांमागे एक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता, आकडा दोन लाखांच्या वर. गिरणीत, गोदीत, घरगडी म्हणून पुरुष गेले आणि बायका-पोरं-म्हातारी गावी राहिली. १८८० साली टपाल खात्याने मनिऑर्डर सुरू केली आणि तेव्हापासून कोकणातल्या स्वयंपाकघराला एक नवा धनी मिळाला, पोस्टमन.

आता गंमत बघा. नवऱ्याची मिळकत महिन्याची आणि बायकोचा खर्च हंगामाचा. गिरणीचा पगार बऱ्याचदा पुढच्या महिन्याच्या मध्यावर हातात यायचा. १९३६ च्या वेतन कायद्याने हजाराहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना दहा तारखेच्या आत पगार देणं बांधून घातलं. त्यातून आधी खानावळ भागवायची. हो, कारण या कुटुंबाच्या चुली दोन होत्या. एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपणारा गिरणगावातला गडी जेवायचा खानावळीत, बहुतेक आपल्याच मुलखातल्या बाईच्या हातचं. खानावळीचा दर चार आणे वाढला की मनिऑर्डर चार आण्यांनी रोडावायची. म्हणजे गावातली बाई एकही जेवण बाहेर जेवत नव्हती, पण घरातलं एक माणूस रोज दोन्ही वेळ बाहेर जेवत होतं आणि त्याचं बिल हिच्या कणगीतून वजा होत होतं. (त्या खानावळवाल्या बायकांची स्वतःची उधारी काय होती, हा एक वेगळाच भाग होईल. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते याच बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळावं म्हणून.)

दर महिन्याला थोडे थोडे आलेले पैसे आगोटीला उपयोगी पडत नसत. मेमध्ये एकरकमी हवेत. म्हणून चाकरमान्याची मे महिन्यातली रजा नुसती आंबे-फणस खायची रजा नव्हती. तो येताना रोकड आणायचा. त्यातून आधी खोताचं देणं, मग वाण्याची गेल्या वर्षीची बाकी, आणि उरलं तर नवा माल. शेवटच्या बोटीने तो परत जायचा. त्याची रजा मंजूर झाली नाही, किंवा पैसे वेळेवर पोचले नाहीत, तर तोच माल आषाढात वाण्याकडून उधारीवर उचलावा लागे. तोवर भाव चढलेला, कारण नवा माल येणारच नाही हे वाण्यालाही ठाऊक. आणि बाकीवर व्याज वेगळं. आपण आज ज्याला बजेट कोसळणं म्हणतो ना, ते हेच. उधळपट्टीमुळे नव्हे, तर पैसे पंधरा दिवस उशिरा आल्यामुळे.

म्हणून तिची सगळी हुशारी एकाच ठिकाणी लागायची, की विकत काय घ्यायचं नाही. तूरडाळ ही सणाची वस्तू. रोजच्याला कुळथाचं पिठलं, कोकणात त्याला पिठी म्हणतात. आंबटाला आमसुलं घरची. फणस कच्चा असताना गरे मिठाच्या पाण्यात घालून ठेवायचे, पिकल्यावर त्याची साटं घालायची आणि आठळ्या मातीत पुरून ठेवायच्या. मुसळधार पावसात त्याच भाजून खायच्या किंवा आमटीत टाकायच्या. सुकट, सुके बोंबील, सोडे, खारवलेले बांगडे उन्हात कडकडीत वाळवून डब्यात. पाऊस पडला की टाकळा, भारंगी, कुर्डू, अळू फुकट. चुलीचा लाकूडफाटा आणि शेणी पडवीत रचलेल्या, कारण ओल्या लाकडाने भात शिजत नाही.

विकत घ्यायच्या त्या मोजक्या वस्तू: घाटावरून आलेली मिरची, गूळ आणि कांदा, दिव्याला रॉकेल, थोडा चहा, साखर झालीच तर. आणि मीठ.

मिठाशी जरा थांबू या. वरची यादी परत वाचा. खारवलेले गरे, खारे बांगडे, लोणचं, आमसुलाला लावलेलं मीठ. या घराची पावसाळ्यातली अर्धी पुंजी मिठात मुरलेली होती. शहरातल्या माणसाला मिठावरचा कर म्हणजे चिमूटभर वाटेल, पण आगोटीला पायलीने मीठ भरणाऱ्या घरात तो चिमूटभर नसतो. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. तारीख ठरवणाऱ्यांच्या मनात आगोट होती असं मी म्हणणार नाही, पण कोकणात मीठ भरायचे दिवस नेमके तेच असतात. तिथल्या बायकांना मिठाचा प्रश्न समजावून सांगायला भाषणाची गरज नव्हती.

बरं, एवढं सगळं करूनही मेळ बसला नाही तर? हा भाग बोलायला जड जातो. मग भाताची पेज व्हायची आणि पेज दिवसेंदिवस पातळ व्हायची. म्हाताऱ्यांना आणि पोरांना शितं, आपल्याला निवळ. सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसण्याची रीत होती ना, तिला आपण संस्कार म्हणून मोकळे झालो. पण घराच्या जमाखर्चात तूट भरून काढायची ती एकच जागा होती, घरच्या बाईचं ताट. तिथे किती गेलं याची नोंद कुठल्याही वाण्याच्या वहीत नाही.

याच गावात, याच काळात, महिन्याच्या हिशेबावर चालणारं एक घर होतं. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा. १८८६ पासून १९१६ साली मरेपर्यंत तो रत्नागिरीत नजरकैदेत होता. सरकारकडून ठरलेला भत्ता येत होता, १९१० साली राजवाडाही बांधून मिळाला, आणि तरी भागत नाही म्हणून बरोबर आणलेली जडजवाहिरं विकली जात होती. त्याला आगोटीची चिंता नव्हती. मांडवीच्या बाजारात सुकटीचा भाव करणाऱ्या बाईकडे विकायला माणकं नव्हती. दोघांच्या हिशेबाची तुलना करू नये हे कळतं मला, पण टेकडीवरचा तो वाडा बघितला की ती होतेच.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झालं. किराणा कार्डावर मोजून मिळायला लागला आणि हळूहळू ते कार्ड गावोगाव गेलं. रेशनच्या दुकानाने महिना शिकवला, असं म्हटलं तरी चालेल: या महिन्याचं या महिन्यात उचला, नाहीतर गेलं. रस्ते झाले, एसटी गावात आली, वाण्याकडे जुलैतही माल दिसू लागला. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि कोकणातल्या किती घरांत पोस्टमन यायचा थांबला, ते त्या घरांनाच ठाऊक. बरेच जण गावी परतले, म्हणजे मनिऑर्डर गेली आणि खाणारं तोंड वाढलं. जानेवारीतला संप, पुढे पाचच महिन्यांवर आगोट.

१९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण धावायला लागली, त्यानंतर बेगमी ही गरज कमी आणि सवय जास्त झाली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा चाकरमानी मिळेल त्या वाहनाने गावी आले. कितीतरी वर्षांनी घरातली सगळी माणसं तिन्ही वेळा घरातच जेवत होती, आणि त्यावर ३ जूनला निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडात झाडं, खांब, कौलं पाडली. वीज गेली, फ्रीज बंद पडले. ऐन आगोटीला. ज्या घरात सुकट, पिठी आणि आमसुलं डब्यात होती, त्यांना पुढचे दिवस काय रांधायचं हे विचारावं लागलं नाही.

मासेमारी आजही १ जून ते ३१ जुलै बंद असते. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरीच्या बाजारात गेलात तर सुक्या मासळीच्या वाट्यांपुढे गर्दी दिसेल. घासाघीस चाललेली असते, आणि त्या घासाघिशीत बायका किलोचा भाव करत नाहीत. त्या म्हणतात, नारळी पुनवेपर्यंत पुरायला हवं, त्या हिशेबाने दे.