किल्ली दिली, जबाबदारी कोणाची?

१/ "जरा गाडी दे, लगेच येतो." बीड-परळी मार्गावरील तेलगावात गाळप हंगामात कारखान्याकडे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागते. त्याच रस्त्यावरून कुणीतरी मित्राची मोटारसायकल घेऊन निघतो. वाटेत अपघात झाला, तर भरपाई कोणी द्यायची? या प्रश्नाला बराच इतिहास आहे.

२/ नोकराच्या चुकीची भरपाई धन्याने करावी, हे घोडागाडीच्या काळापासूनचे इंग्रजी तत्त्व. पण मित्र हा नोकर नव्हे! १९५३ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे असाच पेच आला. मालकाची मोटार त्याचा मित्र मोंटे कार्लोला नेत असताना बसशी टक्कर झाली. प्रवास काही अंशी मालकाच्याही कामाचा होता. म्हणून मालक उत्तरदायी ठरला.

३/ आपल्याकडे १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला. त्यातील सक्तीच्या विम्याचा भाग १ जुलै १९४६ पासून लागू झाला. हेतू एकच: वाहनमालक कफल्लक निघाला, तरी रस्त्यावरचा जखमी माणूस वाऱ्यावर पडू नये.

४/ डिसेंबर १९६०. नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली रणजीत जिनिंग कंपनीची मोटार झाडावर आदळली. चालवीत होता कंपनीचा व्यवस्थापक. सोबतचा प्रवासी दगावला. न्यायाधिकरणाने दिलेली भरपाई उच्च न्यायालयाने रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ती पुन्हा बहाल केली. मंजूर सुमारे ३१ हजारांपैकी विमा कंपनीचे दायित्व १५ हजारांपुरतेच होते. उरलेला भार मालक कंपनीवर आला.

५/ आजच्या, म्हणजे १९८८ च्या कायद्याचे कलम ५ सांगते: परवाना नसलेल्यास मालकाने वाहन चालवू देऊ नये. २००४ च्या स्वर्णसिंग निकालाने पुढची वाट आखली. विमा कंपनीने आधी पीडिताला रक्कम द्यावी. मालकाचा जाणीवपूर्वक भंग किंवा हयगय सिद्ध झाल्यास ती त्याच्याकडून वसूल करावी.

६/ आणि गाडी मागून नेणारा? कर्नाटकातील इलकल-कुष्टगी महामार्गावर उसनी मोटारसायकल पुढे अचानक थांबलेल्या बैलगाडीवर आदळली आणि चालक गेला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले: मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो. मालक स्वतःकडून भरपाई मागू शकत नाही. म्हणून चूक सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या तेव्हाच्या कलम १६३-अ चा लाभ त्याच्या वारसांना मिळाला नाही.

७/ २०१९ च्या दुरुस्तीने घरातल्या किल्लीलाही हात घातला. अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडल्यास पालक वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

८/ विमा सक्तीचा झाला तो रस्त्यावरच्या त्रयस्थासाठी; गाडी मागून नेणाऱ्या मित्रासाठी नव्हे. म्हणून किल्ली देण्यापूर्वी त्याचा परवाना आणि आपली पॉलिसी दोन्ही पाहावीत. नकार दिल्यास मित्र घटकाभर रुसेल. पण त्याच्या घरच्यांना न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागण्यापेक्षा तो रुसवा परवडतो.