बर्फकांडी

फळांचा रस किंवा गर, साखर व पाणी यांचे मिश्रण साच्यात गोठवून, हातात धरण्यासाठी त्यात लाकडी काडी बसविलेल्या खाद्यपदार्थास बर्फकांडी म्हणतात. महाराष्ट्रात तिला आइसकांडी, आइसफ्रूट व विशेषतः ग्रामीण भागात गारेगार अशी नावे आहेत. पाश्चात्त्य देशांत फळांच्या रसात थोडी वाइन घालून अशा कांड्या उन्हाळ्यात घरी करतात. काडीवरचा हा पदार्थ विसाव्या शतकातला असला, तरी वाइन व गोड रस गोठविण्याची कला त्याहून तीनशेपेक्षा अधिक वर्षांनी जुनी आहे.

ग्रीक व रोमन लोक डोंगरावरचे बर्फ खड्ड्यांत साठवून उन्हाळ्यात वाइनमध्ये घालीत. यामुळे पेय थंड होई. ते गोठविण्यासाठी मात्र बर्फाहूनही थंड असे काही लागते. क्षार विरघळताना उष्णता शोषली जाते, या गुणधर्मातून हा मार्ग सापडला. सोऱ्याच्या साहाय्याने पाणी गार करण्याची रीत अरबी ग्रंथकारांना तेराव्या शतकात माहीत होती. रोममध्ये वैद्यकी करणारा स्पॅनिश वैद्य ब्लास व्हिल्लाफ्रांका याने १५५० मध्ये सोऱ्याने वाइन व पाणी थंड करण्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. नेपल्सच्या जामबात्तीस्ता देल्ला पोर्ता याने १५८९ मध्ये आपल्या *माजिआ नातुरालिस* या ग्रंथाच्या वाढविलेल्या आवृत्तीत त्यापुढची पायरी नोंदविली. बर्फ व सोऱ्याची पूड यांनी भरलेल्या लाकडी भांड्यात वाइनची कुपी फिरवीत राहिले असता वाइन हळूहळू थिजते, असे तो सांगतो. वाइनमध्ये थोडे पाणी घातल्यास ती लवकर गोठते, हे त्याचे निरीक्षणही अचूक होते. शुद्ध सोरा व बर्फ यांच्या मिश्रणाचे तापमान सु. −३° से. पर्यंतच उतरते, तर सु. १२ टक्के अल्कोहॉल असलेली वाइन −५° से.च्या आसपास गोठू लागते. तेव्हा पाण्यावाचून त्याचा प्रयोग सहसा साधला नसता.

याच सुमारास भारतात अबुल फज्लने *आईन-इ-अकबरी*मध्ये सोऱ्याच्या वापराचे वर्णन केले आहे. एक शेर पाणी धातूच्या सुरईत भरून तिचे तोंड बंद करावे आणि अडीच शेर सोरा व पाच शेर पाणी असलेल्या भांड्यात ती पाव तास हलवीत राहावे, असे त्याचे प्रमाण आहे. १५८६ पासून लाहोरच्या दरबारात उत्तरेकडील डोंगरांतून नावा, गाड्या व माणसे यांच्याकरवी बर्फ आणवीत. उन्हाळ्यात सर्व थरांतील लोक व अमीर-उमराव मात्र वर्षभर ते वापरीत, ही त्याची नोंद अर्थपूर्ण आहे. या वर्णनावरून कुल्फीचा उगम अकबराच्या मुदपाकखान्यात दाखविण्याचा प्रघात आहे. पण सोऱ्याच्या विद्रावाने पाणी गार होते, गोठत नाही. त्यामुळे तेवढ्या आधारावर हा निष्कर्ष काढणे सयुक्तिक नाही.

सोऱ्याऐवजी साधे मीठ वापरात आल्यावर खरा पालट झाला. बर्फ व मीठ यांच्या योग्य मिश्रणाचे तापमान सु. −२१° से. पर्यंत उतरते आणि मीठ सोऱ्याहून स्वस्त असते. नेपल्समध्ये अँतोन्यो लातीनी याने १६९२–९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाकग्रंथात लिंबू, स्ट्रॉबेरी इ. फळांच्या गोठविलेल्या सरबतांच्या कृती साखर, मीठ व बर्फ यांच्या प्रमाणांसह आढळतात. चीनमधून मार्को पोलोने किंवा फ्रान्समध्ये कातेरीना दे मेदिची हिने ही विद्या नेली, या कथांना समकालीन पुरावा नाही. पुढे यूरोपीय मेजवान्यांत मांसाहाराच्या दोन वाढपांमध्ये वाइन, रम व लिंबाचा रस यांचे अर्धवट गोठविलेले पंच देण्याची पद्धत रूढ झाली. १९१२ मध्ये बुडालेल्या *टायटॅनिक* जहाजाच्या शेवटच्या रात्रीच्या पहिल्या वर्गाच्या भोजनातही ते होते.

हा सारा थाट बर्फ परवडणाऱ्यांचा होता. १८३३ मध्ये बॉस्टनहून निघालेल्या जहाजातील सु. १८० टन बर्फापैकी सु. १०० टन कलकत्त्यास पोहोचले. लवकरच मुंबईतही असे बर्फ येऊ लागले. १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई यांनी एका मेजवानीत आइसक्रीम दिले आणि नंतर यजमान-पाहुण्यांना पडसे झाले, अशी हकीकत सांगितली जाते. बर्फाचे कारखाने निघाल्यावर समुद्रापारच्या बर्फाचा व्यापार संपला व गाडीवरचा गोळा सामान्यांच्या आवाक्यात आला [→ प्रशीतन].

काडीचे एकस्व १९२४ मध्ये अमेरिकेत फ्रँक एपर्सन याला मिळाले. १९०५ मध्ये, अकरा वर्षांचा असताना, ढवळण्याच्या काडीसह बाहेर राहिलेले पेय रात्रीत गोठले, असे तो सांगे. त्याने १९२५ च्या सुमारास हक्क विकले. ‘पॉप्सिकल’ हे त्याचे व्यापारी नाव पुढे इंग्रजीत सामान्यनामासारखे रुळले.

घरगुती कृतीत प्रमाणाला महत्त्व आहे. पाण्याचे शुद्ध स्फटिक बनताना उरलेल्या द्रवात साखर व अल्कोहॉल यांचे प्रमाण वाढत जाते आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली जातो. साखर कमी पडल्यास कांडी दगडासारखी कठीण होते. वाइन जास्त झाल्यास ती साच्यातून निघताना मोडते. नुसती वाइन घरगुती शीतकपाटातील −१८° से. तापमानातही पुरती घट्ट होत नाही. म्हणून वाइन एकूण मिश्रणाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शापर्यंत ठेवतात किंवा अल्कोहॉल कमी करण्यासाठी ती आधी उकळून घेतात. थंडीने जीभ बधिरते, म्हणून मिश्रण चाखताना किंचित जास्त गोड लागावे. द्राक्षे, संत्री, आंबा, कलिंगड यांच्या फोडी मिश्रण निम्मे गोठल्यावर घातल्यास तळाशी बसत नाहीत. कांडी चोखताना रंग व गोडी आधी जाऊन पांढरे बर्फ उरते, ते साखरेचा द्रव स्फटिकांच्या फटींतच राहिलेला असल्यामुळे.

गोठविल्याने रोगजंतू मरतातच असे नाही. विषमज्वराचे जंतू बर्फात दीर्घकाळ टिकू शकतात. त्यामुळे पाणी उकळूनच वापरणे आवश्यक असते. विकतच्या बर्फाबाबत हाच धोका ओळखून, खाण्यासाठी नसलेल्या बर्फाला निळा रंग देण्याचे बंधन २०१८ मध्ये महाराष्ट्रात उत्पादकांवर घालण्यात आले.