जलबंद आणि जांभा

रत्नागिरीत जुन्या घराच्या शौचकूपाची डागडुजी निघते, तेव्हा फरशीखालून वर येणाऱ्या त्या वाकड्या तुकड्याकडे, ज्याला गवंडी कोंबडा म्हणतात आणि ग्रंथकार जलबंद, घरमालकाचे लक्ष क्वचितच जाते; त्याची दृष्टी नव्या शुभ्र भांड्यावर खिळलेली असते. वस्तुतः या वळणात अडून राहिलेले बोटभर पाणीच खड्ड्यातील दुर्गंधीस आणि माश्यांस घरात येण्यास मज्जाव करते. लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळकाराने १७७५ साली अशा वळणाच्या शौचकूपाचे पेटंट घेतले होते.

आपल्याकडे ते सर्वत्र पोहोचण्यास फार विलंब लागला, आणि तोवर त्याचे काम माणसाच्या हातांकडून करून घेतले गेले: घरामागे एक झडप, आत टोपली, आणि मागल्या बोळाने येऊन ती डोक्यावरून वाहून नेणारे सफाई जातीतील स्त्री-पुरुष, असा नगरानगरांतील बंदोबस्त होता. या अन्यायाचा भार स्वतःच्या शिरावर घेऊ पाहणारे कोकणातील सत्पुरुष म्हणजे सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१). १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असता त्यांनी भंगीकाम आपणांस मिळावे असा अर्ज केला. सवर्ण कैद्यास ते देता येत नाही या सबबीवर तो नामंजूर होताच त्यांनी अन्नाचा त्याग आरंभिला, आणि येरवड्यास बंदिवासात असलेल्या गांधीजींनीही डिसेंबरच्या आरंभी त्यांच्यासाठी उपवास सुरू केला, तेव्हा कोठे सरकारने या प्रश्नाचा विचार करण्याचे आश्वासन दिले. हा लहानसा कज्जा मला त्या काळच्या कित्येक गाजलेल्या लढ्यांहून थोर वाटतो, कारण त्यातील मागणी ओझ्याचा वाटा उचलू देण्याची होती.

पुढे कणकवलीस, जी तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच मोडे, १९४८ साली स्थापिलेल्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे सोनखत करण्याचा ध्यास घेतला. दोन खड्ड्यांच्या संडासात हेच तत्त्व आहे: एक खड्डा भरला की त्याची वाट बुजवून दुसरा चालू करावा, आणि वर्ष-दीड वर्षाने पहिल्यातले निर्गंध खत शेतास घालावे. त्यासाठी योजलेल्या भांड्याच्या कोंबड्यात पाणी अवघे २० मिलिमीटर उभे राहते, आणि ते धुण्यास दोनेक लिटर पुरतात. जांभ्याची जमीन सच्छिद्र. ती पाणी शोषते खरे, पण तितक्याच सुलभतेने ते शेजारच्या विहिरीकडेही नेते, म्हणून येथे पाण्याचा हा संयम केवळ काटकसरीचा प्रश्न नव्हे.

नव्या कमोडच्या पोटात स्वतःचा जलबंद असतो. तो जुन्या कोंबड्यावर तसाच बसविला, तर दोन पाण्यांमध्ये हवा कोंडते, मैला अडतो, आणि दोष मात्र भांड्यास लावला जातो. सबब जुना कोंबडा काढावा, नळीस खड्ड्याकडे उतार द्यावा, हवा-नळी छपरावर न्यावी, आणि लाद्या बसण्यापूर्वी बादलीभर पाणी ओतून सांधा पाझरत नाही, याची खात्री करून घ्यावी.